सिरीज की पॅरलल? आधी जोड ओळखा, मग रोध काढा

परळच्या आमच्या क्लासमध्ये दर वर्षी पहिल्याच तासाला मी एक आकृती फळ्यावर काढतो. एका सरळ रेषेत तीन रेझिस्टर, प्रत्येक ३० ओहमचा. डावीकडचं टोक अ, पहिल्या आणि दुसऱ्या रेझिस्टरच्या मधला बिंदू प, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला फ, उजवीकडचं टोक ब. आता वरून दोन साध्या तारा काढायच्या. एक तार अ पासून थेट फ पर्यंत, दुसरी प पासून थेट ब पर्यंत. प्रश्न एवढाच, अ आणि ब यांच्यामध्ये एकूण रोध किती?

बहुतेक वह्यांत ९० ओहम येतं. काही जण तारा बघून गोंधळतात आणि ४५ किंवा ६० लिहितात. बरोबर उत्तर १० ओहम आहे. चुकलेल्यांना सूत्रं पाठ नसतात असं मुळीच नाही. दोन्ही सूत्रं त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतात. घोडं अडतं ते त्याच्या आधीच: कोणता रेझिस्टर कोणाशी कसा जोडलाय, हे आकृतीच्या दिसण्यावरून ठरवलं जातं. एका रेषेत दिसले की सिरीज, एकाखाली एक दिसले की पॅरलल. कागदावरची रेषा विजेला दिसत नाही. तिला फक्त जोड कळतात.

म्हणून या लेखात सूत्रांआधी जोड ओळखायला शिकू. शाळेच्या पुस्तकात एकसर जोडणी आणि समांतर जोडणी हे शब्द आहेत, दुकानात आणि वायरमनच्या तोंडी सिरीज आणि पॅरलल. मी दोन्ही वापरतो, तुम्हीही दोन्हींची सवय ठेवा.

रंगीत पेन्सिलींची पद्धत

दोन-तीन रंगीत पेन्सिली घ्या. बॅटरीच्या किंवा दिलेल्या टोकापासून, म्हणजे इथे अ पासून, लाल पेन्सिल तारेवरून फिरवायला लागा. फाटा आला तर प्रत्येक फाट्यावर फिरवा. रेझिस्टरचा पाय लागला की थांबा, त्याला ओलांडायचं नाही. जेवढी तार लाल झाली तेवढा सगळा एकच बिंदू आहे, मग ती आकृतीत कितीही लांब, वाकडी किंवा वरून वळसा घालून गेलेली असो. नुसत्या तारेचा रोध आपण शून्य धरतो, त्यामुळे तिच्या दोन टोकांत विभवांतर नसतं. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की अर्धं काम झालं.

वरच्या आकृतीत अ पासून निघालेली लाल पेन्सिल वरच्या तारेने फ पर्यंत पोचते. म्हणजे अ आणि फ दोन्ही लाल. आता ब पासून निळी पेन्सिल घ्या, ती दुसऱ्या तारेने प पर्यंत जाते. ब आणि प दोन्ही निळे. आता प्रत्येक रेझिस्टरच्या दोन पायांचे रंग लिहून काढा. पहिला: लाल-निळा. दुसरा: निळा-लाल. तिसरा: लाल-निळा. तिघेही लाल आणि निळ्याच्या मध्येच बसलेले आहेत, म्हणजे तिघेही समांतर. ३० भागिले ३, उत्तर १०.

दोन रेझिस्टरांच्या दोन्ही पायांचे रंग तेच असले तर ते समांतर. सिरीजची ओळख जरा वेगळी आहे: दोन रेझिस्टर ज्या जोडाला एकत्र येतात त्या जोडाला तिसरं काहीही लागलेलं नसावं. ना तिसरा रेझिस्टर, ना बॅटरीची तार, ना मधूनच बाहेर काढलेलं टोक. एकातून गेलेली सगळीच्या सगळी विद्युतधारा दुसऱ्यातून जायलाच हवी, तिला दुसरीकडे वळायला वाव नको. आकृतीत दोन रेझिस्टर शेजारी-शेजारी एका ओळीत असले, पण त्यांच्यामधून तिसरी तार निघालेली असली, तर ते सिरीजमध्ये नाहीत. परीक्षेतल्या निम्म्या फसव्या आकृत्या या एका वाक्यावर उभ्या असतात.

सिरीज: बेरीज, आणि एका माळेची गोष्ट

सिरीजचं गणित सोपं आहे. र = र१ + र२ + र३, जितके असतील तितके मिळवत जा. २२०, ४७० आणि १००० ओहम एकापुढे एक जोडले तर १६९० ओहम. धारा सगळ्यांतून सारखीच, विभवांतर मात्र रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं. ज्याचा रोध मोठा त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट.

याचा अर्थ मला पुस्तकातून नव्हे, गणपतीच्या मखरातून कळला. मी सातवी-आठवीत असताना घरी बारीक बल्बांची जुनी माळ होती, ४० बल्बांची, थेट २३० व्होल्टवर चालणारी. प्रत्येक बल्ब ६ व्होल्टचा, सगळे सिरीजमध्ये, म्हणजे प्रत्येकाला साधारण पावणेसहा व्होल्ट मिळायचे. एक बल्ब गेला की पूर्ण माळ अंधारी, कारण वाट एकच आणि तीच तुटलेली. मी प्लग काढायचो, गेलेला बल्ब शोधायचो, तो काढून टाकायचो आणि त्याच्या दोन तारा पिळून एकमेकींना जोडायचो. माळ पुन्हा पेटायची, आधीपेक्षा लख्ख. मला वाटायचं, किती छान दुरुस्त केली.

दोन दिवसांत दहा बल्ब असे गेले. मग उरलेल्या ३० बल्बांत तेच २३० व्होल्ट वाटले जाऊ लागले, प्रत्येकाला ७.६७ व्होल्ट. एका बल्बचा तापलेला रोध ६० ओहम धरला तर आधी एकूण रोध २४०० ओहम होता आणि धारा ०.०९६ अँपिअर, आता रोध १८०० आणि धारा ०.१२८. शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे प्रत्येक बल्ब आधीच्या जवळपास पावणेदोन पट तापत होता. तापलेल्या फिलामेंटचा रोध थोडा वाढतो म्हणून प्रत्यक्षात वाढ थोडी कमी होईल, पण दिशा तीच. विसर्जनाच्या आदल्या रात्री एकामागोमाग एक बल्ब काळे पडले. माळ लख्ख पेटत होती तीच धोक्याची खूण होती, आणि मी तिलाच यश समजत होतो. आणखी एक सांगून ठेवतो: त्या पिळलेल्या तारांवर चिकटपट्टीही नव्हती. असं कोणी करू नये.

पॅरलल: रेझिस्टर वाढवला तर रोध कमी कसा होतो?

हा प्रश्न ज्याला पडतो तो खरा विचार करतोय. दादर स्टेशनवर पुलाला एकच जिना असला तर गाडी आल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. शेजारी दुसरा जिना उघडला, भले तो अरुंद असो, तरी थोडी माणसं तिकडून जातात आणि मिनिटाला पलीकडे पोचणाऱ्यांची संख्या वाढते. नवा जिना स्वतः कितीही चिंचोळा असला तरी त्याने अडथळा वाढत नाही. समांतर जोडलेला रेझिस्टरही तसाच: तो नवी वाट उघडतो.

वाहकाच्या भाषेत सांगायचं तर रोध लांबीबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर, म्हणजे काटछेदाच्या क्षेत्रफळाबरोबर, कमी होतो. सिरीजमध्ये आपण लांबी वाढवतो, पॅरललमध्ये जाडी. म्हणून समांतर जोडणीत बेरीज रोधाची होत नाही, वाहकतेची होते. वाहकता म्हणजे रोधाचा व्यस्त, तिचं एकक सीमेन्स. सूत्र त्यातूनच निघतं:

१/र = १/र१ + १/र२ + १/र३

२०, ३० आणि ६० ओहम समांतर जोडलेत असं समजा. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, तेव्हा लसावि काढा. तिघांचा लसावि ६०. १/२० म्हणजे ३/६०, १/३० म्हणजे २/६०, आणि १/६०. बेरीज ६/६०, म्हणजे १/१०. आणि आता सगळ्यात महत्त्वाची पायरी: हे अजून १/र आहे. उलटा करा. र = १० ओहम. दर वर्षी पाच-सहा मुलं इथे ०.१ लिहून पुढे जातात आणि मग सगळं गणित शंभर पटींनी भरकटतं. मी त्यांना सांगतो, डाव्या बाजूला "१/र =" प्रत्येक ओळीत पूर्ण लिहा, आळस करू नका. मग उलटा करायचं विसरत नाही.

दोनच रेझिस्टर असतील तर छोटं रूप आहे: गुणाकार भागिले बेरीज. १०० आणि १५० समांतर असतील तर १५००० भागिले २५०, म्हणजे ६० ओहम. हे सूत्र तीन रेझिस्टरांना लावू नका. तिघांचा गुणाकार भागिले तिघांची बेरीज, असं करणारे बरेच भेटतात. एकक तपासलं तर चूक लगेच उघडी पडते: ओहम गुणिले ओहम गुणिले ओहम, भागिले ओहम, उरतं ओहमचा वर्ग. रोध कधी ओहमच्या वर्गात नसतो. तीन असतील तर आधी दोघांचं उत्तर काढा, मग त्या उत्तराला तिसऱ्याबरोबर घ्या.

सगळे सारखे असतील तर नुसता भागाकार: १२० ओहमचे चार समांतर, ३० ओहम.

उत्तर आल्यावर ताळा करायचाच. समांतरचं उत्तर सगळ्यात लहान रेझिस्टरपेक्षा लहानच असलं पाहिजे. दोन रेझिस्टर असतील तर ते लहान रेझिस्टर आणि त्याच्या निम्म्याच्या मध्ये पडतं. १०० आणि १५० चं उत्तर ५० ते १०० मध्ये असणार, ६० आलं, ठीक. एक फार मोठा आणि एक फार लहान असेल, समजा १० ओहम आणि १०००० ओहम, तर उत्तर ९.९९. म्हणजे मोठ्याकडे बघायचीही गरज नाही. सिरीजमध्ये याच्या बरोबर उलट, तिथे लहान रेझिस्टर दुर्लक्षित होतो. हा अंदाज डोक्यात असला की कॅल्क्युलेटरवर चुकीचं बटण दाबलं गेलं तरी हात आपोआप थांबतो.

मिश्र जोडणी: आत जा आणि मग परत या

आता एक पूर्ण गणित करू. १२ व्होल्टची बॅटरी. तिच्या धन टोकाला ८ ओहमचा रेझिस्टर. त्याच्या पुढे वाट दोन फाट्यांत फुटते. वरच्या फाट्यावर एकटा १२ ओहम. खालच्या फाट्यावर २० ओहम आणि त्याच्यापुढे १६ ओहम. दोन्ही फाटे पुन्हा एकत्र येतात आणि ७ ओहमच्या रेझिस्टरमधून बॅटरीच्या ऋण टोकाला जातात.

सुरुवात बॅटरीपासून करू नका. सगळ्यात आतल्या, बॅटरीपासून सगळ्यात दूरच्या जागी जा. खालच्या फाट्यावरचे २० आणि १६ यांच्या जोडाला तिसरं काही लागलेलं नाही, म्हणून सिरीज: ३६ ओहम. आकृती पुन्हा काढा. हो, खरंच पुन्हा काढा, २० आणि १६ च्या जागी एकच ३६ ठेवून. मुलं ही पायरी डोक्यातल्या डोक्यात करतात आणि तिथेच चुकतात. कागद स्वस्त आहे.

नव्या आकृतीत १२ आणि ३६ यांच्या दोन्ही पायांचे रंग तेच. समांतर: ४३२ भागिले ४८, म्हणजे ९ ओहम. पुन्हा आकृती. आता ८, ९ आणि ७ एका माळेत उरले. एकूण २४ ओहम.

इथे थांबलात तर अर्धंच गणित झालं. खरी समज परतीच्या वाटेवर तपासली जाते. १२ व्होल्ट भागिले २४ ओहम, बॅटरीतून निघणारी धारा ०.५ अँपिअर. ही धारा ८ मधून जाते: ४ व्होल्ट. तीच ७ मधून: ३.५ व्होल्ट. मधल्या ९ वर ४.५ व्होल्ट. बेरीज १२, ताळा जमला. आता ९ हा काल्पनिक होता, तो उघडा. दोन्ही फाट्यांवर तेच ४.५ व्होल्ट. वरच्या १२ ओहममधून ०.३७५ अँपिअर, खालच्या ३६ मधून ०.१२५ अँपिअर, दोन्ही मिळून पुन्हा ०.५. खालच्या फाट्यावर २० ओहमवर २.५ व्होल्ट आणि १६ वर २ व्होल्ट. शक्तीनेही ताळा करता येतो: बॅटरी १२ गुणिले ०.५ म्हणजे ६ वॅट देते, आणि पाचही रेझिस्टरांतली उष्णता मिळवली तर ६ वॅटच भरते. करून बघा.

लॅमिंग्टन रोडवरून रेझिस्टर आणल्यावर

ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडला गेलात की हवे ते रेझिस्टर मिळतात. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव दिसेल. पण तिथेही २५० ओहमचा रेझिस्टर मागितलात तर दुकानदार २२० किंवा २७० पुढे करेल. नेहमीच्या मालिकेत १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ आणि त्यांच्या दहा-दहा पटी एवढेच आकडे असतात. मधले आकडे आपणच जोडून करायचे. ३३० आणि १००० समांतर जोडले तर २४८ ओहम, २५० च्या अगदी जवळ.

उलटा हिशेबही शिकून घ्या. हातात १०० ओहम आहे, हवेत ७५. समांतर जोडायचा दुसरा किती? गुणाकार भागिले वजाबाकी: १०० गुणिले ७५ भागिले २५, म्हणजे ३००. नेहमीच्या मालिकेत ३०० नाही, पण २७० आणि ३३ सिरीजमध्ये जोडले की ३०३, आणि मग एकूण ७५.२. अंगावरची चौथी रंगीत पट्टी सोनेरी असलेले रेझिस्टर मुळात ५ टक्के इकडे-तिकडे असतात, त्यामुळे याहून बारीक कातणं व्यर्थ आहे.

वॅटचंही भान ठेवा. पाव वॅटचा १०० ओहमचा रेझिस्टर तापून काळा पडत असेल आणि १ वॅटचा हाताशी नसेल, तर तसेच चार घ्या. दोन-दोन सिरीजमध्ये जोडून २०० च्या दोन जोड्या करा आणि त्या जोड्या समांतर जोडा. रोध पुन्हा १०० ओहम, पण उष्णता चौघांत सारखी वाटली जाते, म्हणून एकूण १ वॅट झेपतो.

मोजताना रेझिस्टर सर्किटमधून सुटा करा, निदान एक पाय तरी. नाहीतर मीटर त्याच्याबरोबर समांतर असलेलं सगळंच मोजतो. आणि दोन्ही पाय बोटांनी धरू नका. जूनमध्ये एका मुलीने १ मेगाओहमचा रेझिस्टर मोजला, मीटर ६७० किलोओहम दाखवत होता. तिने रेझिस्टर खराब म्हणून बाजूला ठेवला. मी तिला तो टेबलावर ठेवून, हात न लावता मोजायला सांगितलं: ९९० किलोओहम. तिच्या घामेजलेल्या दोन हातांमधून सुमारे २ मेगाओहमची दुसरी वाट उघडली होती. गुणाकार भागिले बेरीज करून तिने स्वतःच ते शोधून काढलं, आणि त्या दिवसापासून समांतर जोडणी तिला वेगळी शिकवावी लागली नाही.

वायरमनचा सिरीज बोर्ड

दुरुस्तीच्या दुकानात एक लाकडी फळी असते: होल्डरमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, शेजारी एक सॉकेट, आणि दोन्ही सिरीजमध्ये. दुरुस्त केलेली वस्तू आधी तिथे लावतात. आपल्याकडे बेस्टचा पुरवठा असो की उपनगरातल्या दुसऱ्या कंपनीचा, घरात २३० व्होल्टच येतात. तेव्हा बल्बचा रोध व्होल्टचा वर्ग भागिले वॅट: ५२९०० भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. (थंड बल्ब मीटरने मोजलात तर पन्नासच्याही खाली दिसेल. टंगस्टन तापल्यावरच ५२९ पर्यंत जातं.)

सॉकेटमध्ये २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न लावा. त्याचा रोध २११६ ओहम, एकूण २६४५. बल्बच्या वाट्याला पाचवा हिस्सा, ४६ व्होल्ट. थंडावलेल्या फिलामेंटचा रोध उतरतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. बल्ब जेमतेम लालसर होतो. वस्तू ठीक आहे. बल्ब अजिबात पेटला नाही तर वाट कुठेतरी तुटली आहे. पूर्ण पेटला तर वस्तू शॉर्ट आहे, आणि बल्बने मध्ये उभं राहून धारा अर्ध्या अँपिअरच्या आत रोखली म्हणून फ्यूज वाचला.

पण इथे एक खाचखळगा आहे आणि तो मी चांगल्या अनुभवी हातांनाही विसरताना पाहिलाय. २००० वॅटच्या गिझरचा एलिमेंट या बोर्डाला लावला तर? त्याचा रोध फक्त २६.४५ ओहम. एकूण ५५५, त्यातले ५२९ बल्बचे. बल्बला २१९ व्होल्ट मिळतात आणि तो जवळजवळ पूर्ण पेटतो. चांगला एलिमेंट शॉर्ट समजून फेकला जातो. मोठ्या वॅटच्या वस्तूला मीटरच लावावा.

याच हिशेबातून तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्नही सुटतो: ६० आणि १०० वॅटचे बल्ब सिरीजमध्ये लावले तर जास्त कोण पेटतो? ६० वाल्याचा रोध ८८२ ओहम, मोठा. धारा तीच, म्हणून उजेड त्याचाच जास्त.

घरातली समांतर जोडणी आणि एक्स्टेन्शन बोर्ड

घरातले सगळे दिवे, पंखे आणि सॉकेट समांतर असतात. म्हणून स्वयंपाकघरातला दिवा बंद केला तरी बाहेरचा पंखा चालू राहतो आणि प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात. पण प्रत्येक नवी वस्तू म्हणजे एक नवी वाट, एकूण रोध कमी आणि मेन तारेतून धारा जास्त.

जुलैची एक सकाळ घ्या. कपडे वाळत नाहीत म्हणून शाळेचा युनिफॉर्म इस्त्रीने वाळवणं चाललंय आणि त्याच एक्स्टेन्शनवर चहाची इलेक्ट्रिक किटली. इस्त्री १००० वॅट, ५२.९ ओहम. किटली १५०० वॅट, ३५.३ ओहम. समांतर: २१.१६ ओहम. धारा २३० भागिले २१.१६, म्हणजे १०.९ अँपिअर. बोर्डावर बारीक अक्षरात बहुधा ६ अँपिअर लिहिलेलं असतं.

आता यात एक छोटासा सिरीज रेझिस्टर मिळवा: सॉकेटची ढिली पत्ती. समजा तिचा रोध फक्त ०.३ ओहम. एकूण रोधात तो दिसतही नाही, २१.१६ चे २१.४६ होतात. पण १०.७ अँपिअर त्यातून जातात आणि धारेचा वर्ग गुणिले ०.३, म्हणजे ३४ वॅटच्या आसपास उष्णता त्या एका पत्तीत तयार होते. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न शिसं वितळवतं. इथे त्याहून जास्त उष्णता प्लास्टिकच्या डब्यात कोंडलेली आहे. प्लगची पिन गरम लागली, सॉकेटभोवती तपकिरी डाग दिसला, किंवा जळका वास आला तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. इस्त्री, गिझर, किटली यांना १६ अँपिअरचा भिंतीतला वेगळा सॉकेट हवा. त्याचं काम परवाना असलेल्या वायरमनकडून मेन स्विच बंद करूनच करून घ्यावं.

सिरीजही नाही आणि पॅरललही नाही

रंग भरूनही कधी कधी एकही जोडी सापडत नाही. चौकोनाच्या चार बाजूंना चार रेझिस्टर आणि मधल्या कर्णावर पाचवा, ही त्याची ओळखीची आकृती. ही रचना सॅम्युअल ख्रिस्ती यांनी १८३३ मध्ये मांडली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये प्रसिद्धीला आणली, म्हणून नाव व्हीटस्टन सेतू. आधी गुणोत्तर तपासा. वरच्या वाटेवर १० आणि २०, खालच्या वाटेवर १५ आणि ३०, मध्ये ५०. १० ला २० तसेच १५ ला ३०, गुणोत्तर सारखं. म्हणजे कर्णाच्या दोन्ही टोकांचं विभव सारखं, मधल्या ५० मधून धारा वाहतच नाही. तो पुसून टाका. ३० आणि ४५ समांतर, उत्तर १८ ओहम. गुणोत्तर जुळत नसेल तर किरचॉफचे नियम लावावे लागतात. ते अकरावी-बारावीचं काम आहे, इथे जबरदस्तीने सूत्र बसवू नका.

सारख्या विभवाचे बिंदू एकच मानता येतात, ही कल्पना मात्र आत्ताच हाती घ्या, कारण तिच्यावर माझा सगळ्यात आवडता प्रयोग उभा आहे. १ किलोओहमचे बारा रेझिस्टर घ्या, अंगावरच्या पट्ट्या तपकिरी, काळी, लाल, सोनेरी. त्यांच्या बारा कडा करून एक ठोकळा सोल्डर करा. एका कोपऱ्यापासून समोरच्या, सगळ्यात दूरच्या कोपऱ्यापर्यंत रोध किती?

सुरुवातीच्या कोपऱ्यातून तीन सारख्या वाटा निघतात. त्या जिथे पोचतात ते तीन कोपरे एकमेकांसारखेच आहेत, विभवही सारखं. तिघांना एकच रंग द्या. तिथून सहा कडा पुढच्या तीन कोपऱ्यांना जातात, त्यांनाही एकच रंग. आणि शेवटी तीन कडा अखेरच्या कोपऱ्याला मिळतात. म्हणजे तीन समांतर, मग सहा समांतर, मग पुन्हा तीन समांतर, आणि हे तिन्ही गट सिरीजमध्ये. ३३३.३ अधिक १६६.७ अधिक ३३३.३.

आमच्या मुलांनी केलेला तो ठोकळा क्लासच्या कपाटावर ठेवलेला आहे, जोड जरा ओबडधोबड, एका कडेचा पाय थोडा वाकलेला. कोपऱ्यांना मीटरच्या पिना लावल्या की ८२९ दाखवतो.